दृष्टिदोषनिवारक शस्त्रक्रिया

दृष्टिदोषनिवारक शस्त्रक्रिया : डोळ्यात शिरणारे प्रकाशकिरण जालपटलावर नेमके केंद्रित न झाल्यामुळे अस्पष्ट झालेली दृष्टी चष्मा किंवा स्पर्शभिंगे यांच्या साहाय्याशिवाय स्पष्ट व्हावी, या हेतूने करण्यात येणाऱ्या शस्त्रक्रियांना हे सर्वसाधारण नाव देण्यात येते. व्यवहारात ‘डोळ्यांचा नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया’ या नावाने ती ओळखली जाते. लेसर किरणांच्या साहाय्याने स्वच्छमंडलाला (बुबुळाच्या पुढील पारदर्शक पडद्याला) नवा आकार देणे ही तिची सर्वांत प्रचलित पद्धत असली, तरी त्यापूर्वी सु. शंभर वर्षे या दिशेने निरनिराळे प्रयत्न झालेले होते. बहुतेक शस्त्रक्रिया रोगग्रस्त अवयवावर करण्यात येतात. ही शस्त्रक्रिया मात्र निरोगी ऊतकावर (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहावर) केली जाते आणि तिला चष्म्यासारखा स्वस्त व निर्धोक पर्याय नेहमीच उपलब्ध असतो. त्यामुळे तिच्यात किती धोका पत्करणे योग्य आणि एखादी पद्धत सुरक्षित ठरविण्यापूर्वी किती काळ वाट पाहावी, हे दोन प्रश्न तिच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेले दिसतात.

दृष्टिदोषांचे स्वरूप : प्रौढ मनुष्याच्या डोळ्याची पुढून मागे लांबी सु. २४ मिमी. व त्याची एकूण प्रणमनशक्ती (किरण वळवून एकत्र आणण्याची क्षमता) सु. ६० डायॉप्टर असते. यांपैकी सु. ४३ डायॉप्टर शक्ती एकट्या स्वच्छमंडलाची असते. उरलेली त्यामागील भिंगाची असते. डोळा प्रमाणापेक्षा लांब असेल, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा जालपटलाच्या अलीकडे पडते. या दोषाला निकटदृष्टिता म्हणतात. लांबीत एक मिमी. वाढ झाली, तर सु. ३ डायॉप्टरचा दोष निर्माण होतो. डोळा आखूड असल्यास दूरदृष्टिता उत्पन्न होते. स्वच्छमंडलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसेल, तर होणाऱ्या दोषाला अबिंदुकता म्हणतात. वयाच्या चाळिशीच्या सुमारास भिंगाची लवचिकता कमी होऊन जवळचे दिसण्यास अडचण पडू लागते. या अवस्थेला जरादृष्टिता म्हणतात. मराठीत वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ हे नाव त्यावरूनच पडले आहे. [⟶ डोळा].

निकटदृष्टितेत मूळ दोष बहुधा नेत्रगोलाच्या लांबीत असतो; परंतु ही लांबी कमी करणे शक्य नसते. उलट स्वच्छमंडल डोळ्याच्या सर्वांत पुढे, हाताशी येण्याजोगे व अतिशय शक्तिमान असते. त्याची वक्रता थोडी कमी केली, तरी प्रतिमा मागे सरकून जालपटलावर येते. या विषयातील जवळजवळ सर्व प्रयत्न याच तत्त्वावर आधारलेले आहेत. दोष एका ठिकाणी व दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी, हे या शस्त्रक्रियेचे वैशिष्ट्य लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारण तिचे यश व तिच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ त्यात आहे.

पूर्वपीठिका : तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीमध्ये चष्मे प्रचारात आले. ते बहिर्गोल भिंगांचे असून वृद्धांना वाचनासाठी उपयोगी पडत. निकटदृष्टी व्यक्तींना लागणारी अंतर्गोल भिंगे पंधराव्या शतकात वापरात आली. चष्म्याने स्पष्ट का दिसते याचे बरोबर स्पष्टीकरण मात्र योहानेस केप्लर (१५७१–१६३०) यांनी १६०४ साली प्रथम दिले. प्रतिमा भिंगावर नव्हे, तर जालपटलावर उमटते असे त्यांनी दाखविले. टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील अबिंदुकतेचे वर्णन केले व जॉर्ज एअरी यांनी १८२५ मध्ये स्वतःच्या डोळ्यासाठी तिच्यावरील भिंग तयार करविले. डच वैद्य एफ्. सी. डाँडर्स यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्व दृष्टिदोषांची शास्त्रीय मांडणी केली. दोष नेमका मोजता येऊ लागल्यामुळे तो कायमचा दूर करण्याचा विचार पुढे येणे स्वाभाविक होते.

पहिला मोठा प्रयत्न भिंग काढून टाकण्याचा होता. ऑस्ट्रियातील व्हिन्सेंट्स फुकाला यांनी तीव्र निकटदृष्टितेत डोळ्यातील निर्दोष भिंग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया १८९० च्या सुमारास रूढ केली. काही रुग्णांची दृष्टी तिच्यामुळे खरोखर सुधारली. परंतु जंतुसंसर्ग व जालपटल सुटणे या उपद्रवांमुळे अनेकांचे डोळे गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती मागे पडली. त्याच सुमारास नॉर्वेतील यालमार श्योट्स यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आलेली अबिंदुकता स्वच्छमंडलाच्या कडेला छेद घेऊन कमी केली होती (१८८५). नेदर्लंड्समधील एल्. जे. लान्स यांनी सशांवर प्रयोग करून छेदाची दिशा, खोली व संख्या यांचा स्वच्छमंडलाच्या वक्रतेशी असलेला संबंध १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे सु. चाळीस वर्षे या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

सातो यांची शस्त्रक्रिया : टोकिओच्या जुंतेंदो विद्यापीठातील नेत्रवैद्य त्सुतोमू सातो यांना शंक्वाकार स्वच्छमंडल या विकाराच्या रुग्णांची तपासणी करताना एक गोष्ट आढळली. या विकारात स्वच्छमंडलाचे आतील पटल कधीकधी आपोआप फाटते व ती चीर भरून आल्यावर स्वच्छमंडल पूर्वीपेक्षा सपाट होते. निसर्गात घडणारी ही क्रिया शस्त्राने घडवून आणावी, असे त्यांनी ठरविले. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सुरुवात केली आणि पुढे स्वच्छमंडलाच्या बाहेरील व आतील अशा दोन्ही पृष्ठभागांवर छेद घेण्याची पद्धत बसविली. तिचे वृत्त १९५३ मध्ये अमेरिकेतील नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकातही प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरची काही वर्षे परिणाम समाधानकारक दिसत होते.

स्वच्छमंडलाच्या आतल्या पृष्ठभागावर पेशींचा एकेरी अंतःस्तर असतो व तो मध्यस्तरातील पाणी सतत बाहेर टाकून स्वच्छमंडल पारदर्शक राखतो, ही गोष्ट त्या काळी पुरेशी कळलेली नव्हती. मनुष्यात या पेशी एकदा नाश पावल्या की, पुन्हा निर्माण होत नाहीत. सशामध्ये मात्र त्या निर्माण होतात. सातो यांनी आपली पद्धत सशांवर पडताळून पाहिली होती. त्यामुळे प्रयोगात हा धोका दिसून आला नाही. मनुष्याच्या अंतःस्तरात पेशींचा मोठा राखीव साठा असल्यामुळे शस्त्रक्रिया झालेले डोळे अनेक वर्षे स्वच्छ राहिले. पुढे वयपरत्वे पेशी आणखी कमी झाल्या आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येकदा वीस-वीस वर्षांनी स्वच्छमंडल सुजून, फोड येऊन गढूळ होऊ लागले. तरुणपणी केवळ चष्मा टाळण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या अनेकांना उतारवयात स्वच्छमंडलाच्या प्रतिरोपणाची गरज पडली. सातो १९६० मध्ये निधन पावले; या उपद्रवाचे संपूर्ण स्वरूप त्यानंतर उघड झाले.

बाराकेर यांचे कार्य : याच काळात एका वेगळ्या मार्गाने विचार करणारे नेत्रवैद्य म्हणजे होसे इग्नासिओ बाराकेर (१९१६–९८) हे होत. बार्सेलोना येथील प्रसिद्ध नेत्रवैद्यांच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला व पुढे त्यांनी कोलंबियातील बोगोता येथे कार्य केले. स्वच्छमंडलास छेद देऊन ते दुबळे करण्याऐवजी त्यातील ऊतक काढून वा त्यात भर घालून त्याची वक्रता बदलावी, ही कल्पना त्यांनी १९४९ मध्ये मांडली. मध्यभागातील ऊतक कमी केल्यास स्वच्छमंडल सपाट होते व कडेचे कमी केल्यास ते अधिक फुगीर होते, हा त्यांच्या कामाचा आधारभूत नियम होय.

त्यांच्या पद्धतीत ‘मायक्रोकेराटोम’ या रंध्यासारख्या चालणाऱ्या सूक्ष्म पात्याच्या उपकरणाने स्वच्छमंडलाची पुढील चकती कापून घेत. ती गोठवून भिंगे घडविण्याच्या कातयंत्रावर (लेथवर) तिची आतील बाजू गणिताने ठरविलेल्या मापाप्रमाणे कोरीत व नंतर चकती पुन्हा डोळ्यावर शिवून टाकीत. ‘केराटोमिल्यूसिस’ (स्वच्छमंडलाचे कोरकाम) हे नाव त्यांनीच दिले. ही शस्त्रक्रिया अत्यंत अवघड असून गोठविण्यामुळे ऊतकाला इजा होई. त्यामुळे मोजक्याच ठिकाणी ती होऊ शकली. तथापि बाराकेर यांनी दिलेले तत्त्व व उपकरण पुढील लेसर शस्त्रक्रियेचा पाया ठरले. उणीव होती ती पात्यापेक्षा अधिक सूक्ष्मतेने ऊतक काढणाऱ्या साधनाची.

अरीय छेदन : सोव्हिएट रशियात सातो यांच्या पद्धतीतील आतले छेद वगळून केवळ बाह्य पृष्ठभागावर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे छेद घेण्याचे प्रयोग सुरू झाले होते. मॉस्को येथील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह (१९२७–२०००) यांनी १९७० नंतरच्या दशकात ही पद्धत विकसित केली. फुटलेल्या चष्म्याच्या काचेने डोळ्याला इजा झालेल्या एका मुलाची निकटदृष्टिता जखम भरल्यावर कमी झाल्याचे पाहून त्यांचे लक्ष या पद्धतीकडे वेधले गेले, असे सांगण्यात येते. स्वच्छमंडलाचा मध्यभाग अस्पर्श ठेवून त्याच्या भोवती सु. ९० टक्के जाडीपर्यंत खोल छेद घेतले म्हणजे कडा सैल होऊन बाहेर फुगते व मध्यभाग सपाट होतो. फ्योदोरोव्ह यांच्या संस्थेत रुग्ण सरकत्या पट्ट्यावरून एका शस्त्रवैद्याकडून दुसऱ्याकडे जात आणि प्रत्येक शस्त्रवैद्य शस्त्रक्रियेची एकच पायरी पार पाडी. कारखान्यातील उत्पादनपद्धतीचा हा शस्त्रक्रियेतील वापर जगभर कुतूहलाचा विषय झाला.

अमेरिकेत ही शस्त्रक्रिया १९७८ मध्ये प्रथम करण्यात आली. तिचा प्रसार झपाट्याने होऊ लागताच तेथील नेत्रवैद्यकीय संस्थांनी ती अद्याप प्रायोगिक असल्याचे जाहीर केले. त्यावरून शस्त्रवैद्यांमध्ये तीव्र वाद झाला व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेवटी शासकीय साहाय्याने जॉर्ज वॅरिंग यांच्या नेतृत्वाखाली नऊ केंद्रांत एक योजनाबद्ध पाहणी करण्यात आली. तीत ४३५ रुग्णांवर हिऱ्याच्या सुरीने प्रत्येकी आठ छेद घेण्यात आले आणि त्यांची दहा वर्षे नियमित तपासणी झाली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुसंख्य रुग्णांना चष्म्याशिवाय चांगले दिसत होते. परंतु ४३ टक्के डोळ्यांत स्वच्छमंडल हळूहळू अधिकाधिक सपाट होत जाऊन एक डायॉप्टर किंवा त्याहून अधिक बदल दूरदृष्टितेच्या दिशेने झाला होता. शस्त्रक्रियेचा परिणाम एका जागी स्थिरावत नव्हता. मध्यम वयात निकटदृष्टी मनुष्याला चष्मा काढून वाचता येते. या रुग्णांना मात्र जवळचे दिसण्यासाठी इतरांपेक्षा लवकर चष्मा लागू लागला.

छेद दिलेल्या स्वच्छमंडलाचा आणखी एक दोष उंच पर्वतावर उघड झाला. विरळ हवेत ऑक्सिजन कमी पडल्याने असे स्वच्छमंडल छेदांच्या भागात सुजते व दृष्टी दूरदृष्टितेकडे झुकते. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर झालेल्या दुर्घटनेत सापडलेले अमेरिकन गिर्यारोहक बेक वेदर्स यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. माथ्याकडे जाताना वाटेतच त्यांची दृष्टी निकामी झाली. त्याच वर्षी कोलोरॅडोतील पाइक्स पीक या शिखरावरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अरीय छेदन झालेल्या डोळ्यांत हा बदल होतो. लेसरने पृष्ठभाग कोरलेल्या डोळ्यांत तो होत नाही, असे त्यांवरून दिसून आले. तोपर्यंत लेसर पद्धत पुढे आलेली असल्यामुळे अरीय छेदन मागे पडले.

एक्सायमर लेसर : ज्या लेसरने हा बदल घडविला, त्याचा शोध वैद्यकासाठी लागलेला नव्हता. झेनॉनच्या उत्तेजित द्विअणुक रेणूंपासून लेसर शलाका मिळविण्यात मॉस्को येथील निकोलाय बासॉव्ह व त्यांचे सहकारी १९७० मध्ये यशस्वी झाले. पुढे निष्क्रिय वायू व हॅलोजन यांच्या मिश्रणापासून अधिक उपयुक्त लेसर तयार झाले. त्यांपैकी आर्गॉन-फ्ल्युओराइड लेसरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर असून हे किरण जंबुपार वर्णपटात मोडतात. [⟶ लेसर].

न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथे आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात मद्रास येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन (जन्म १९२९) हे बहुवारिकांवर (प्लॅस्टिकसारख्या दीर्घ साखळीच्या रेणूंच्या पदार्थांवर) या किरणांचा परिणाम अभ्यासत होते. पदार्थ न वितळता किंवा न करपता त्याचे अतिशय पातळ थर उडून जातात, असे त्यांना आढळले. हेच सजीव ऊतकात घडेल काय, असा प्रश्न त्यांना व त्यांचे सहकारी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांना पडला. अमेरिकेतील ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, श्रीनिवासन यांनी घरच्या मेजवानीत उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत आणला व त्यावर किरण सोडले. हिरव्या प्रकाशाच्या लेसरने पाडलेल्या खाचेच्या कडा करपल्या होत्या. १९३ नॅनोमीटरच्या किरणांनी पाडलेली खाच मात्र स्वच्छ व रेखीव होती. मानवी केसावर कोरलेल्या खाचांचे त्यांनी घेतलेले छायाचित्र पुढे प्रसिद्ध पावले.

याचे कारण असे की, या किरणांच्या प्रत्येक फोटॉनाची ऊर्जा सु. ६·४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि ती कार्बनी रेणूंमधील बंध सरळ तोडण्यास पुरेशी असते. किरण ऊतकात खोल जात नाहीत. तुटलेले रेणू वेगाने बाहेर फेकले जातात व त्यांच्याबरोबर उष्णताही निघून जाते. त्यामुळे शेजारच्या ऊतकाला इजा पोहोचत नाही. एका स्पंदाने सु. ०·२५ मायक्रॉन इतकाच थर निघतो. किती स्पंद कोठे सोडावयाचे हे गणिताने ठरविता येत असल्यामुळे बाराकेर यांना हवी असलेली सूक्ष्मता हाती आली. आयबीएमला या शोधाचे एकस्व (पेटंट) १९८८ मध्ये मिळाले. तिघाही संशोधकांना अमेरिकेचे तंत्रविद्येतील राष्ट्रीय पदक २०१३ मध्ये समारंभपूर्वक देण्यात आले.

कोलंबिया विद्यापीठातील नेत्रवैद्य स्टीव्हन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्या सहकार्याने प्राण्यांच्या स्वच्छमंडलावर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रारंभी या लेसरचा उपयोग केवळ अधिक अचूक सुरी म्हणून करावा, असा विचार होता. बर्लिन येथील टेओ झायलर यांनी १९८५ मध्ये मानवी डोळ्यावर त्याने अबिंदुकतेसाठी छेद घेतले. लवकरच छेद देण्यापेक्षा स्वच्छमंडलाचा सबंध मध्यभाग कोरून त्याला नवी वक्रता देण्याची कल्पना पुढे आली. या कल्पनेच्या विकासात ट्रोकेल यांच्याप्रमाणेच लंडनचे जॉन मार्शल यांचाही वाटा मोठा होता. नेत्रकोटरातील कर्करोगामुळे जिचा डोळा काढावा लागणार होता, अशा एका स्त्रीच्या दृष्टी शाबूत असलेल्या डोळ्यावर मार्गरीट मॅक्डॉनल्ड यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत ही शस्त्रक्रिया प्रथम केली. जाणार असलेल्या डोळ्याचा उपयोग इतरांना व्हावा म्हणून तिने स्वतः संमती दिली होती. ‘प्रकाशप्रणमनीय स्वच्छमंडल-कर्तन’ (पीआरके) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये मान्यता दिली.

लॅसिक व त्यापुढील पद्धती : पीआरके पद्धतीत स्वच्छमंडलाचा बाह्य अधिस्तर खरवडून काढावा लागतो. तो भरून येईपर्यंत काही दिवस तीव्र वेदना होतात आणि तीव्र निकटदृष्टितेत पुढे स्वच्छमंडलावर धूसरपणा येण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणून बाराकेर यांचे पाते व एक्सायमर लेसर यांचा संयोग करण्यात आला. ग्रीसमधील क्रीट विद्यापीठाचे योआनिस पालिकारिस यांनी स्वच्छमंडलाचा एक पातळ पापुद्रा एका बाजूने जोडलेलाच ठेवून पुस्तकाच्या पानासारखा उलटला, उघड्या पडलेल्या मध्यस्तरावर लेसर सोडला आणि पापुद्रा पुन्हा जागच्या जागी बसविला. अंध डोळ्यावर १९८९ मध्ये व त्यानंतर दृष्टी असलेल्या डोळ्यावर त्यांनी हा प्रयोग केला व त्यास ‘लॅसिक’ हे नाव दिले. याच सुमारास इटलीतील लूचो बुरात्तो यांनी स्वतंत्रपणे मिळतीजुळती पद्धत वापरली, तर अमेरिकेतील घोलम पेमन यांना अशा पद्धतीचे एकस्व १९८९ मध्ये मिळाले. लॅसिकमध्ये वेदना अल्प असून दुसऱ्याच दिवशी स्पष्ट दिसू लागते. त्यामुळे तिला फार मोठी लोकप्रियता लाभली. १९९० नंतरच्या दशकात ती भारतातील मोठ्या शहरांतही सुरू झाली.

सु. ६ मिमी. व्यासाच्या क्षेत्रात एक डायॉप्टर दोष घालविण्यासाठी मध्यभागी सु. १२ मायक्रॉन ऊतक काढावे लागते. म्हणजे ६ डायॉप्टरसाठी सु. ७२ मायक्रॉन. स्वच्छमंडलाची मध्यभागातील जाडी सु. ५४० मायक्रॉन असते व तीतून पापुद्र्याची जाडीही वजा धरावी लागते, कारण कापलेला पापुद्रा स्वच्छमंडलाच्या बळकटीस फारसा हातभार लावीत नाही. या हिशोबावरून दोष किती प्रमाणापर्यंत दुरुस्त करावा याची मर्यादा ठरते. ती ओलांडल्यास किंवा मुळातच दुबळे स्वच्छमंडल शस्त्रक्रियेपूर्वी ओळखता न आल्यास ते पुढे फुगत जाते. हा उपद्रव झायलर यांनी १९९८ मध्ये निदर्शनास आणला. रिबोफ्लाविन (ब२ जीवनसत्त्व) व जंबुपार किरण यांच्या साहाय्याने कोलॅजेन तंतूंमधील बंध वाढवून असे स्वच्छमंडल बळकट करण्याची पद्धत २००३ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाली व त्यावर काही अंशी उपाय सापडला.

पुढील सुधारणा अत्यल्पकालिक स्पंदांच्या लेसरमुळे झाली. डॉना स्ट्रिकलंड व झेरार मूरू यांनी अशा तीव्र स्पंदांचे तंत्र १९८५ मध्ये शोधून काढले व त्यासाठी त्यांना २०१८ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिशिगन विद्यापीठात टिबोर यूहास व रॉन कुर्ट्झ यांनी या तंत्राचा नेत्रवैद्यकात वापर केला. पृष्ठभागाला न छेदता स्वच्छमंडलाच्या आत ठराविक खोलीवर सूक्ष्म बुडबुड्यांची रांग निर्माण करून ऊतक विलग करता येऊ लागले. त्यामुळे पापुद्रा पात्याऐवजी लेसरने तयार होऊ लागला. वाल्टर झेकुंडो व मार्कुस ब्लूम यांनी जर्मनीत पापुद्राच टाळणारी ‘स्माइल’ पद्धत विकसित केली. तीत स्वच्छमंडलाच्या आत भिंगाच्या आकाराची चकती लेसरने विलग करून ती लहानशा छेदातून ओढून काढतात. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. ज्यांचे स्वच्छमंडल पातळ आहे किंवा ज्यांचा दोष फार तीव्र आहे, त्यांच्यासाठी नैसर्गिक भिंग तसेच ठेवून डोळ्यात आणखी एक कृत्रिम भिंग बसविण्याचा पर्याय आहे.

सामाजिक परिणाम : चष्मा हा अनेक व्यवसायांतील प्रवेशाचा अडसर होता. वैमानिक, नाविक व सैनिक यांच्या निवडीत या शस्त्रक्रियेमुळे फरक पडला. अमेरिकन नौदलाने दीर्घ पाहणीनंतर तिला मान्यता दिली व तेथील अंतराळ संस्थेने २००७ मध्ये अंतराळवीरांसाठी लॅसिक ग्राह्य धरली. भारतातही सशस्त्र दलांच्या काही शाखांत विशिष्ट अटींवर अशा उमेदवारांचा विचार होतो. दुसरीकडे, ही शस्त्रक्रिया रुग्ण स्वखर्चाने व स्वेच्छेने करून घेत असल्यामुळे तिच्यात व्यापाराचे तत्त्व लवकर शिरले. अमेरिकेतील दोन प्रमुख लेसर उत्पादकांनी १९९२ मध्ये आपली एकस्वे एकत्र करून प्रत्येक शस्त्रक्रियेमागे २५० डॉलर शुल्क आकारण्याची व्यवस्था केली होती. शासकीय कारवाईनंतर ती १९९८ मध्ये मोडली. त्यानंतर किमती उतरल्या व जाहिराती वाढल्या.

शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, प्रकाश विखुरणे व क्वचित दीर्घकाळ वेदना राहणे अशा तक्रारी आलेल्या आहेत. स्वच्छमंडलातील संवेदी मज्जातंतू शस्त्रक्रियेत तुटत असल्यामुळे कोरडेपणा येतो. तो बहुतेकांत काही महिन्यांत कमी होतो. या तक्रारींची दखल घेऊन अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये जाहीर सुनावणी घेतली. तीत दृष्टी गेल्याने नैराश्यग्रस्त झालेल्यांच्या कुटुंबीयांनीही साक्षी दिल्या. त्यानंतर हाती घेतलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी वलये, विखुरलेला प्रकाश इ. कोणताही त्रास नसलेल्या व्यक्तींपैकी ४३ ते ४६ टक्के व्यक्तींना तीन महिन्यांनंतर असा एखादा तरी त्रास जाणवत होता. मात्र त्यामुळे दैनंदिन व्यवहारात मोठी अडचण येणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते आणि बहुसंख्य व्यक्ती आपल्या दृष्टीबद्दल समाधानी होत्या. समाधान व उपद्रव या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात एकत्र असू शकतात, ही या पाहणीतून पुढे आलेली महत्त्वाची बाब होय.

मर्यादा : शस्त्रक्रियेने चष्मा जातो; निकटदृष्टिता हा डोळ्याचा मूळ धर्म जात नाही. लांब झालेला नेत्रगोल तसाच राहतो व त्याबरोबर ताणलेले जालपटल फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोकाही तसाच राहतो. चष्म्याची गरज संपली म्हणून डोळ्यांची तपासणी थांबविणे त्यामुळे धोक्याचे ठरते. दोष वाढत असताना शस्त्रक्रिया केल्यास तो पुन्हा उद्भवतो. म्हणून अठरा वर्षांपूर्वी व नंबर स्थिर झाल्याखेरीज ती करीत नाहीत. दूरची दृष्टी निर्दोष झाली, तरी चाळिशी चुकत नाही. पुढे मोतीबिंदू झाल्यास बसवावयाच्या कृत्रिम भिंगाचे माप काढणे बदललेल्या वक्रतेमुळे अवघड जाते. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीची मापे रुग्णाने जपून ठेवणे हितावह असते.

निकटदृष्टितेचे प्रमाण जगभर वाढत आहे. २०५० पर्यंत निम्मी लोकसंख्या निकटदृष्टी होईल, असा अंदाज २०१६ मध्ये वर्तविण्यात आला. एवढ्या लोकसंख्येचा प्रश्न शस्त्रक्रियेने सुटणारा नाही. ज्या प्रदेशांत साधा चष्माही अनेकांना मिळत नाही, तेथे शाळांतून होणारी नेत्रतपासणी व स्वस्त चष्मे यांचे महत्त्व कायम आहे. सातो यांच्या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम कळण्यास वीस वर्षे लागली, तर अरीय छेदनाचे कळण्यास दहा वर्षे. लेसर शस्त्रक्रियेचा अनुभव आता तीन दशकांहून अधिक काळाचा असून तिच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. तथापि तिच्या प्रत्येक नव्या प्रकाराची काळाच्या कसोटीवरील परीक्षा स्वतंत्रपणेच व्हावी लागते. रुग्णाच्या योग्यायोग्यतेची कसून छाननी आणि संभाव्य उपद्रवांची त्याला पूर्ण कल्पना देणे या दोन गोष्टींना म्हणूनच लेसर यंत्राच्या अचूकतेइतकेच महत्त्व आहे.